शेजारची सीट

"हळू बोला. झोप लागलीय."

हे वाक्य काका दिवसातून दोनदा म्हणायचे. सकाळी दोह्याहून मेसईदला जाताना एकदा आणि संध्याकाळी परतताना एकदा. स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून बोट ओठांपाशी न्यायचे आणि आरशातून आमच्याकडे बघत अगदी खालच्या आवाजात हे सांगायचे. मागे आम्ही दोघं असायचो, मी आणि वसईचा सायमन. मला वाटायचं सायमनला डुलकी लागलीय, सायमनला वाटायचं मला. त्यामुळे पहिले चार-पाच महिने आम्ही दोघं एकमेकांच्या झोपेचा मान राखत गप्प बसून प्रवास केला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्या एखाद्या सवयीचा अर्थ कळायला वेळ लागतो, आणि कळल्यावर वाटतं, कळला नसता तरी चाललं असतं.

आम्ही तिघं मेसईदच्या एकाच कारखान्यात होतो. मी इन्स्ट्रुमेंट सेक्शनला, सायमन सेफ्टीत, आणि काका स्टोअर्समध्ये. मूळचे नाशिकचे, साठीला आलेले, कतारमध्ये पंचवीसेक वर्षं काढलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. आमचे इलेक्ट्रिकलचे मॅनेजर त्यांच्याहून मोठे होते, तेसुद्धा.

इथे एके काळी पेट्रोल बाटलीतल्या पाण्यापेक्षा स्वस्त होतं. गाडी सुरू ठेवून लोक दुकानात जायचे, गप्पा मारायचे, एसीत परत येऊन बसायचे. मग दर महिन्याला नवे भाव जाहीर व्हायला लागले. महिनाअखेरीला कँटीनमध्ये प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि तोंडात एकच विषय असायचा, सुपर किती, प्रीमियम किती. भाव असेच एकदा वाढले तेव्हा सायमन म्हणाला, "तिघं एकाच एरियात राहतो, तीन गाड्या कशाला नेतो आपण?" एक आठवडा एकाची गाडी, दुसरा आठवडा दुसऱ्याची, असं ठरत होतं. काका म्हणाले, "गाडी माझीच."

"आणि पेट्रोल?"

"तेही माझंच. तुम्ही फक्त वेळेवर खाली या."

पहिल्या दिवशी मी पुढचं दार उघडायला गेलो तर ते घाईने म्हणाले, "मागे बसा ना. मागे ऐसपैस आहे." मागे अजिबात ऐसपैस नव्हतं. सायमन सहा फुटी आहे आणि पुढची सीट अर्धी मागे रेललेली होती. तिच्या पाठीला माझे गुडघे टेकायचे. सीटवर एक राखाडी शाल घडी घालून ठेवलेली होती आणि बेल्ट लावलेला होता.

त्यांचं गाडी चालवणं बघण्यासारखं होतं. उजवी, म्हणजे इथली सावकाश गाड्यांची लेन सोडायची नाही, काटा ऐंशीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सिग्नल दुरून दिसला की पाय उचलायचे आणि गाडी आपल्या आपण मंद होत लाइनीवर येऊन थांबायची. ब्रेक लागल्याचं कळायचंच नाही. स्पीड ब्रेकरवरून तर ते गाडी अशी न्यायचे, जणू टपावर दुधाचं पातेलं ठेवलंय. मेसईदच्या रस्त्यावर सिमेंटचे टँकरसुद्धा आम्हाला ओव्हरटेक करून जायचे.

"काका, पेट्रोल वाचवताय की गाडी ढकलत नेताय?" सायमन विचारायचा.

"घाई कुणाला आहे?" ते हसायचे आणि पुन्हा बोट ओठांवर ठेवायचे.

आम्ही त्यांना चिक्कू समजायचो. कँटीनमध्ये त्यांच्या ऐंशीच्या स्पीडवर विनोदही करायचो. आज ते आठवलं की कसंतरी होतं.

डिसेंबरमध्ये सायमन सुट्टीवर वसईला गेला. त्या आठवड्यात एके सकाळी दाट धुकं होतं. इथलं धुकं समुद्रावरून येतं आणि वाळूवर बसून राहतं. रस्त्याचे दिवे संपल्यावर पुढे-मागे नुसतं पांढरं. कारखान्यांच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसत नव्हत्या, पण त्यांचा नारिंगी उजेड धुक्यात पसरला होता. तो नक्की कुठून येतोय ते कळत नव्हतं. मी मागे एकटाच होतो आणि पूर्ण जागा होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "काका, आज उशीरच होणार."

त्यांनी बोट ओठांवर नेलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय."

गाडीत आम्ही दोघंच होतो.

मी पुढच्या सीटकडे बघितलं. शाल होती, बेल्ट होता. खरं सांगायचं तर मी श्वासही जपून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगहून आली होती. गॅरेजवाल्यांनी सीट साफ करताना पुढचा बेल्ट सोडला होता आणि लावायचा राहिला होता. आम्ही निघालो, आणि दहा पावलं जातो न जातो तोच डॅशबोर्डवर तो लाल दिवा लागला. टिंग, टिंग, टिंग. पुढे बसलेल्या माणसाने बेल्ट लावला नाही की वाजते ती घंटी. काकांनी हात लांब करून, रस्त्यावरची नजर न काढता, शांतपणे बेल्ट ओढून अडकवला. घंटी थांबली.

माझं कामच सेन्सरशी. मी म्हणालो, "सीटखालचा सेन्सर गेलाय, काका. वजन नसताना वजन दाखवतोय. मी बघून देतो."

"नको," ते म्हणाले. "तो बरोबर आहे."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, महिन्याच्या शेवटच्या तारखेला, संध्याकाळी परतताना आम्ही पेट्रोल भरायला वळलो. उद्यापासून भाव वाढणार होता, त्यामुळे पंपावर गाड्यांची रांग थेट मेन रोडपर्यंत आली होती. काकांनी इंजिन बंद केलं. सायमन परत आला होता. पुढची गाडी हलत नव्हती. तेव्हा आरशात न बघता, समोर बघत, त्यांनी आपणहून सांगितलं.

"आमची मुलगी कॉलेजला नाशिकला गेली आणि हिची झोप गेली. घर एकदम गप्प झालं ना. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. काही उपयोग नाही. एकदा समैस्माला समुद्रावर निघालो होतो, तर लुसैलच्या अलीकडेच गाढ झोपली. मग आम्हाला औषध सापडलं. मी ड्यूटीवरून आलो की चहा घ्यायचा आणि हिला घेऊन निघायचं. समैस्मा, अल खोर, कुठेही. दोन तास ती झोपायची, मी चालवायचो. तेव्हा पेट्रोलचा विचार कोण करत होतं?"

"मग?" सायमनने विचारलं.

"मग भाव वाढायला लागले. त्यात मुलीची फी. आधी मी एकाआड एक दिवस केलं. मग फक्त शुक्रवारी. ड्यूटीलासुद्धा दुसऱ्याच्या गाडीने जायला लागलो. ती म्हणायची, असू द्या हो, गाडीलाही विश्रांती नको का? मला बरं वाटायचं. बायको समजूतदार आहे, वाटायचं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. काकांनी इंजिन सुरू केलं, गाडी जेमतेम एक गाडीभर पुढे घेतली आणि पुन्हा बंद केलं.

"मग वॉचमनने सांगितलं, मॅडम रोज दुपारी किल्ली घेऊन बेसमेंटमध्ये येतात, गाडीत बसतात. मी एकदा लवकर आलो आणि बघितलं. सीट मागे केलेली, शाल पांघरलेली, इंजिन बंद. आणि बेल्ट लावलेला. मी म्हटलं, अगं, उभ्या गाडीत बेल्ट कशाला? तर म्हणाली, बेल्ट लावला की गाडी चालल्यासारखी वाटते."

सायमनने खिडकीबाहेर तोंड वळवलं.

"थंडीचे दिवस होते, एक मंगळवार. घर बंद होतं म्हणून मी खाली गेलो. गाडीत होती. मला वाटलं, छान झोप लागलीय. इतकी शांत तिला मी किती दिवसांनी बघत होतो. मी काचेपाशी उभा राहिलो. वीस मिनिटं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत होतो, हळू, हळू म्हणून." ते थांबले. "डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, तुम्ही आलात तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. म्हणाले तसं."

काकांनी स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली.

"तिला नाशिकला नेलं. तेराव्यानंतर परत आलो, ड्यूटीला निघालो. गाडी सुरू केली आणि शेजारच्या बेल्टची घंटी वाजायला लागली. त्याआधी सीट रिकामी असताना कधी वाजली नव्हती. मी बेल्ट लावला." रांग पुढे सरकली. "तेव्हापासून एकही दिवस फेरी चुकवली नाही."

टाकी फुल्ल झाली. पंपावरच्या माणसाला "शुक्रन" म्हणून ते निघाले, ऐंशीवर.

त्या दिवसानंतर आम्ही विनोद केले नाहीत. भीती वाटायची का, असं तुम्ही विचाराल. वाटायची. धुक्याच्या दिवसांत जास्त. आम्ही दोघं कधीकधी नकळत त्या सीटकडे कान द्यायचो. सायमन गाडीत बसताना छातीवर क्रूसाची खूण करायचा आणि पुढच्या सीटच्या पाठीला हात लागणार नाही असा बसायचा. पण दुसरी गाडी बघू, असं दोघांपैकी एकानेही कधी म्हटलं नाही.

दीड वर्षाने त्यांची रिटायरमेंट आली. नोकरी संपली की व्हिसा संपतो, देश सोडावा लागतो. गाडी जुनी होती, घ्यायला भंगारवाल्याशिवाय कोणी तयार नव्हतं. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी मला फोन केला. "तुमचे पाने घेऊन याल का? सीट काढायचीय."

बेसमेंटमध्ये आम्ही तिघं होतो. चार बोल्ट होते, गंजलेले. मी ते सोडवले, सीटखालची वायर काढली. काकांनी बेल्ट सोडला, शाल काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग मी आणि सायमनने सीट उचलली. रिकामी सीट किती जड असते ते मला माहीत आहे. कामावर मी याहून मोठी पॅनेल उचलली आहेत. दारापासून खांबापर्यंत दहा पावलांत आम्हाला ती दोनदा खाली ठेवावी लागली. सायमनचा चेहरा पांढरा पडला होता. काका सोबत चालत होते, सीटच्या पाठीला हात लावून.

कार्गोवाल्याने फॉर्म भरताना विचारलं, "अंदर क्या है?"

"कुर्सी," काका म्हणाले. "खडी मत रखना. ऐसे ही, लेटी हुई."

सीट जहाजाने आणि पुढे ट्रकने नाशिकला पोचायला दीड महिना लागणार होता.

रविवार, इथे आठवड्याचा पहिला कामाचा वार, तोच त्यांचा शेवटचा दिवस. फक्त पास आणि हेल्मेट परत करायचं होतं. सकाळी आम्ही नेहमीसारखे खाली उतरलो, नेहमीसारखे मागे बसलो. पुढे सीटच्या जागी उघडी जमीन होती, चार भोकं, एक सुटी वायर आणि कुठल्यातरी जुन्या गोळीचं चंदेरी पाकीट. माझे गुडघे पहिल्यांदाच मोकळे होते. मला ते नकोसं झालं.

अल वक्रा मागे पडलं आणि काकांनी गाडी डावीकडे घेतली. मला वाटलं, पुढच्या टँकरला ओव्हरटेक करताहेत. टँकर मागे गेला. ते परत उजव्या लेनमध्ये आले नाहीत. शंभर झाले, एकशे दहा झाले, काटा एकशे वीसला टेकला. जुनी गाडी सबंध थरथरत होती. त्यांनी काचा खाली केल्या. गरम वारा आणि वाळू आत घुसली, समोरच्या उघड्या जागेतून गोल फिरायला लागली, ते चंदेरी पाकीट उडून बाहेर गेलं. काका मोठमोठ्याने बोलत होते. मुलीबद्दल, नाशिकच्या थंडीबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आरशात त्यांचे डोळे दिसत होते, लाल. वाळू गेली असेल.

गेटपाशी त्यांनी ब्रेक मारला तेव्हा आम्ही दोघं पुढे आदळलो. इंजिन बंद झालं.

"फार जोरात आणली का हो गाडी?" त्यांनी विचारलं.

सायमन म्हणाला, "नाही काका. बरोबर आणलीत."

त्यांनी मान हलवली, हेल्मेट काखेत घेतलं आणि शिफ्ट सुटून बाहेर पडणाऱ्या शेकडो माणसांच्या उलट दिशेने, वाट काढत, आत गेले. संध्याकाळी मी आणि सायमन कंपनीच्या बसने परतलो. ते दुपारीच निघून गेले होते.