तेरखेड्याहून आलेली वही
दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा जळका वास आला की येरमाळ्याच्या हॉटेलातली एक दुपार आठवते. मी कळंबला शाळेत मास्तर, ती तेरखेड्यात फटाक्यांच्या वाती वळणारी. कथास्पर्धेत ओळख झाली, दोघंही कादंबरी लिहितोय हे कळलं, आणि महिन्यातून एकदा मधल्या गावी भेटून एकमेकांच्या वह्या वाचायचं ठरलं. त्या दिवशी ती माझं फटाक्यांच्या कारखान्यातल्या स्फोटाचं प्रकरण वाचून आली होती. मी त्या प्रकरणावर लई खूश होतो. "सर, रागावू नका," ती म्हणाली, "पण तुमच्या प्रकरणातली बाई लगेच रडती. तसं रडू येत न्हाय. कारखान्यात माझा भाऊ गेला तवा आवाज ऐकून म्या आधी चुलीवरचं दूध उतरवलं, मग पळत सुटले." भावाचं मला ठाऊकच नव्हतं. तिच्या वहीत तर तो हसत होता, बैल धूत होता, आणि समासात मी लाल पेनानं लिहिलं होतं, 'भावाचा भाग लांबलाय, कापा.' मी ओशाळून विचारलं, "मग हे तुम्ही का लिहिलं नाही?" ती चहाकडं बघत म्हणाली, "लिहिलं की तो जातोय, सर." मी पेन काढला आणि माझाच शेरा खोडला. घरी येऊन स्फोटाचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. माझी कादंबरी छापून आली, तिची अजून चालूच आहे. परवा नवं प्रकरण आलं, त्यात भावाचं लग्न ठरलंय. मी फक्त वेलांट्या तपासल्या आणि वही परत केली.