जाऊबाई म्हणल्या, पुदिना मीच लावलाय

मैत्रिणींनो, आज मी जाऊबाईंवर सूड उगवला.

मागं आईच्या आजारपणात मी कंधारला गेले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या माझ्या पुदिना-कोथिंबिरीच्या कुंड्या उकिरड्यावर फेकल्या. मी सगळं परत लावलं.

आज त्यांच्या पोरीला बघायला पाहुणे आले. मुलाची आई ती हिरवीगार खिडकी बघून खूश झाली. जाऊबाई लगेच म्हणल्या, “मीच लावलंय की!”

मी चहा देता देता सगळ्यांसमोर बोलले, “न्हाई हो, ह्यांनी तर माझ्या कुंड्या फेकून दिल्या होत्या.”

जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला लई गार वाटलं.

पाहुणे “कळवतो” म्हणून गेले. पुतणी तेव्हापासून माझ्याशी बोलून न्हाई राहिली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे कळतंय. पण जाऊबाईंची कीव काही येत नाही.

तुम्ही गप्प बसल्या असत्या का?