चिमीच्या डोळ्यातलं कुसळ

वसंता गेल्याचा निरोप टाकव्याच्या शाळेत आला, तेव्हा माझी तिसरीची मुलं पाढे म्हणत होती. पाढे तसेच चालू राहिले... थांबा म्हणायचं मला सुचलंच नाही. वसंता माझा धाकटा भाऊ, लोणावळ्याचा गुरांचा डॉक्टर. महिना होऊन गेला, तरी तो मला आठवतो तो एका मांजरीपाशी बसलेला.

ती चिमी, माझ्या तेव्हाच्या घरमालकीण पारूमावशींची. भाताच्या कणगीवर झोपायची, उंदराला फिरकू द्यायची नाही. त्या वर्षी भाताच्या झोडणीच्या दिवसांत तिचे डोळे लाल झाले. झोडणीत कुसळं उडतात, डोळ्यात जातात. ती पदराच्या टोकानं काढायची, हे आमच्याकडे घरोघर चालतं. मावशींनी तेच केलं. पुढे चिमीला दिसेनासं झालं, ती भिंतींना धडकू लागली. मावशींनी तिला हात लावणंच सोडलं. "माज्याच हातानं आंदळी झाली ती," एवढंच म्हणायच्या.

मी वसंताला बोलावून घेतलं. त्यानं दार लोटून अंधार केला. टॉर्च आणि भिंग घेऊन बराच वेळ तिच्या डोळ्यात पाहिलं आणि एकदम छातीला कान लावला. मला हसूच आलं. दुखणं डोळ्याचं आणि हा छाती ऐकतोय! मग म्हणाला, "ताई, तू बघ." बाहुलीच्या आत तांबूस उजेड होता, त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, आणि कडेला एक फिकट उंचवटा. एवढ्याशा डोळ्यात एवढं सगळं असतं...

"हे कुसळ नव्हे. छातीतला कॅन्सर रक्तातून इथं आला असावा. मी फक्त वाचलंय, पाहिलेलं नाही."

"मग सांग ना मावशींना!"

"आणि खोटं निघालं तर? नुसती समजूत काढायला नाही सांगणार."

असा राग आला होता मला त्याचा!

चिमी गेली, तेव्हा तिला उघडून पाहू का, असं त्यानं मावशींना विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी म्हणाल्या, "बगा. पर शिवून द्या मला."

फुप्फुसात चिंचोक्याएवढी पांढरट गाठ होती. डोळ्याच्या तळाशी तशीच एक, बाजरीच्या दाण्याएवढी. वसंता हात धुवायचं विसरून बसून राहिला. "कुठून निघालं आणि कुठं पोचलं, ताई..." त्याचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. मग त्यानं बारीक टाके घातले, वरून केस सारखे केले, पापण्या मिटवल्या.

"मावशी, तुमच्या हातानं काही झालं नाही. रोग छातीतून आला."

"माज्या समादानासाटी न्हाई ना सांगत?"

"डोळ्यांनी पाहून सांगतोय."

मावशींनी चिमीला मांडीवर घेतलं आणि कपाळापासून शेपटीपर्यंत हात फिरवत राहिल्या. इतक्या दिवसांचा राहिलेला हात.

वसंताची कातडी बॅग आता माझ्याकडे असते. परवा मावशी भेटायला आल्या. "कुटं हाय त्येची पिशवी?" म्हणाल्या. मी आणून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तिच्यावरून तसाच हात फिरवत बसल्या.