हातभर नाव झाकलं, तेव्हा लेख गेला

मंडळी, आपला लेख आज ग्रंथालयशास्त्राच्या जर्नलकडे गेला आणि या वेळी परत आला नाही.

विषय तुम्हाले माहीत आहे. मी ग्रंथपाल आहे त्या कॉलेजात मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं हिंदीच्या कपाटांत हरवली होती, कारण लिपी एकच. मी ती वेगळी काढली, तर रायपुरातले जुने मराठी वाचक परत यायले लागले. तेच लिहिलं.

पण जर्नलचा नियम असा, की लेख तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळता कामा नये. आधी माझं नाव राहिलं म्हणून लेख परत आला, मग कॉलेजचं राहिलं म्हणून.

आज दुपारी पाठवणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "मम्मी, फोटो तो देखो."

लेखासोबतच्या फोटोत मराठीचं नवं कपाट होतं. माझ्या सासऱ्यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. दारावर पिवळ्या पेंटनं आमचं आडनाव, हातभर.

फोटोतून ते नाव काढू का, हे विचारायले मी भीतभीतच त्यांच्याकडे गेले. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा लावून फोटो पाहिला.

"काहून घाबरून राहिली? नाव झाक. पुस्तकं दिसली पाहिजेत."

झाकलं, पाठवलं. संध्याकाळी मेल आला, लेख तपासणीसाठी घेतला आहे.

आता बाबा अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, घरोघरी लेखाचं सांगून राहिले, सुनेच्या नावासकट. तपासणारा आमच्याच पाऱ्यातला निघाला तर काय करू, सांगा.