बिनानावाची घागर

शनवाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या घागरीत पाणी ओतलं की भिजल्या मातीच्या वासासरशी लहानपणची ती आखाजी, पितरांना पाणी द्यायची अक्षय्य तृतीया, आठवते. वारलेले आजोबा येऊन पाणी पितात, म्हणून आईनं त्यांच्या नावाची घागर भरली होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वडिलांनी पडताळा म्हणून शेजारी बिनानावाची दुसरी भरली आणि दोन्हींत फूटपट्टी बुडवून पाणी मोजलं. दुपारभर घर उन्हात पेंगत होतं, घागरी गपचूप पाझरत होत्या. संध्याकाळी पुन्हा मोजून वडील ओरडले, “देख, दोन्ही सारख्याच उतरल्या!” आई शांतपणे म्हणाली, “चांगलंच झालं की. ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही, तेही पिऊन गेले.” आता मी वडिलांच्या नावानं घागर भरते, शेजारी बिनानावाची ठेवते, आणि मधे फूटपट्टी, मोजल्याशिवाय ते घोटही घ्यायचे नाहीत.