हॉस्टेल : नाही

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात आल्याचा मेसेज आला, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मलम घोटत होते. हात तसेच पुसून मोबाईल पाहिला. रक्कम इतकी कमी होती की मला वाटलं हा पहिला हप्ता असेल. तो शेवटचा होता.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून आत. वडिलांचं फाट्यावर पत्र्याचं दुकान आहे, ट्रकच्या सीटा शिवायचं. आई अंगणवाडीत मदतनीस. मला जिल्ह्यातल्याच एका खाजगी फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तिथल्या क्लार्कनं वडिलांना सांगितलं होतं, "हॉस्टेलचे आणि वरचे पैसे आता भरा. शिष्यवृत्ती आली की समदे वसूल होतेत. तुमचा एक रुपया जाणार न्हाई." त्या शब्दावर वडिलांनी एका ट्रकमालकाकडून तीन गाड्यांच्या सीटांची मजुरी आगाऊ घेतली होती. पहिल्या वर्षीही पैसे कमीच आले होते, पण तेव्हा क्लार्क म्हणाला, "बाकीचे पुढच्या वर्षी येतेत," आणि आम्ही गप्प बसलो होतो.

या वेळी वडील स्वतः कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फीच्या खिडकीपुढं दहा-बारा जणांची रांग होती. आमचा नंबर आला तसं वडील म्हणाले, "साहेब, हिशोब जरा समजून सांगा. हॉस्टेलला भरले त्याच्या निम्मेबी आले न्हाईत."

क्लार्कनं मान वर केली नाही. "सरकारनं मंजूर केले तेवढे आले. मी काय घरून टाकू का?"

"तसं न्हाई साहेब, तुमीच म्हणले व्हते…"

मग त्यानं मान वर केली, पण पाहिलं आमच्याकडे नाही, रांगेकडे. म्हणाला, "फुकटात शिकवा, राहायलाबी द्या, तरी यांचं पोट भरत न्हाई."

रांगेतले काही जण हसले. आणि माझे वडीलही हसले. ते हसणं मला सोसलं नाही. दिवसभर दाभण ओढून ज्यांची बोटं वाकडी झाली होती, तो माणूस आपल्यावरच्या बोलण्याला हसत होता, का तर मुलीला तिथं अजून दोन वर्षं काढायची होती. मी त्यांना बसस्टँडवर सोडलं. परत येताना मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी हिंगोलीला जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथं टेबलावर माझ्या आईच्या वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी माझा अर्ज कॉम्प्युटरवर उघडला आणि विचारलं, "तू घरून ये-जा करतीस ना?"

"न्हाई मॅडम, हॉस्टेलला राहते."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका ओळीत लिहिलं होतं, हॉस्टेल, आणि समोर, नाही.

"घरून येणाऱ्या पोरीला भत्ता कमी असतो, हॉस्टेलच्या पोरीला जास्त," त्या म्हणाल्या. "तुला मिळाले ते अर्जापरमाणं बराबर मिळाले. पैसे चुकले न्हाईत, अर्जच खोटा हाय. कुणी भरला?"

अर्ज क्लार्कनं भरला होता. सगळ्यांचे तोच भरायचा. आम्ही फक्त मोबाईलवर आलेला ओटीपी त्याला वाचून दाखवायचो. म्हणजे त्या खोट्यावर माझीही सही होती.

बाईंनी मग आमच्या कॉलेजच्या मंजूर फीचा कागद दाखवला. शिष्यवृत्ती त्या कागदावरच्या फीपुरती असते. आमच्याकडून घेतलेला विकास निधी, ड्रेसचे पैसे, कंपनी दाखवायला नेण्याचे पैसे, यातलं काहीच त्यावर नव्हतं. जे मागायचा कॉलेजला हक्कच नाही, ते सरकार कुठून देणार? आम्हाला त्याच्या पावत्या साध्या कागदावर का मिळाल्या, तेही तिथं उभ्या उभ्या उमगलं.

"पण त्यानं हॉस्टेल नाही असं काहून लिहिलं?" मी विचारलं.

"हॉस्टेल लिहिलं की हॉस्टेलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमच्या हॉस्टेलची नोंद कुठं हाय? मला तरी दिसून न्हाई राहिली."

आमचं हॉस्टेल कॉलेजच्या चेअरमनच्या मालकीच्या इमारतीत होतं. खाली सिमेंटची पोती, वर आम्ही बावीस मुली. कागदावर ती सगळी इमारत गोदाम होती.

बाई म्हणाल्या, तक्रार दे. मी दिली नाही. तेव्हा दिली असती तर क्लार्कनं चूक झाली म्हणून एकट्या माझा अर्ज दुरुस्त केला असता आणि मला गप्प केलं असतं. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी कॉलेज सुरू झालं तसं मी क्लार्कशी गोड वागायला लागले. रोज नमस्कार सर. तो एका बोटानं टाईप करायचा आणि अर्जांच्या दिवसांत त्याची फार तारांबळ उडायची. मी म्हटलं, "सर, नव्या मुलींचे अर्ज मी भरून देऊ का?" तो खूष झाला. इतरांना सांगायचा, "ही पोरगी बघा, कशी मदत करून राहिली." मी हसायचे. त्याच महिन्यात मी हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत जाऊन बसले, मुलींना आपापला जुना अर्ज उघडायला लावला. सगळ्यांच्या अर्जात तेच : हॉस्टेल, नाही. मी त्यांच्या साध्या कागदावरच्या पावत्यांचे फोटो काढले. माझ्या खोलीतली मैत्रीण आखाडा बाळापूरची, ती मला म्हणाली, "अगं, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात हायेत. तकलीफ व्हईल तुला." मी तिचं ऐकून घेतलं आणि तिचीही पावती मागितली.

नव्या वर्षाच्या नऊ मुली हॉस्टेलला होत्या. त्यांच्या अर्जात मी खरं लिहिलं : हॉस्टेल, होय. क्लार्कनं न बघता सगळे अर्ज एकदम पुढं पाठवले.

दोन महिन्यांनी ते नऊही अर्ज त्रुटी लावून परत आले. हॉस्टेलचं प्रमाणपत्र जोडा. क्लार्कनं मला ऑफिसात बोलावलं. तिथं दोन प्राध्यापक आणि एक पालक बसलेले होते.

"हे कुणी भरलं?"

"मीच भरलं सर. त्या हॉस्टेललाच राहतेत ना?"

त्यानं त्या पालकाकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरची स्क्रीन भिंतीकडे वळवली. तेवढा एक क्षण मी अजून जपून ठेवला आहे. त्याच दुपारी मी हिंगोलीला जाऊन जुन्या तेरा मुलींच्या सह्यांची तक्रार आणि पावत्या जमा केल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशोबात नव्हती. अर्ज परत आले म्हणजे त्या नऊ जणींचे पैसे अडकले. त्यातली एक कळमनुरीकडची होती. तिची आई मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला. त्या पैशांवरच तिची मेस ठरली होती. तीन महिने उधारीवर जेवली, मग मेसवालीनं ताट बंद केलं, आणि तिनं बॅग भरली. मी तिला थांबवायला गेले तर म्हणाली, "दीदी, तुमचं भांडण क्लार्कसंगं व्हतं. मला एकदा विचारायचं तरी."

मी म्हटलं, मी खरं तेच लिहिलं. ती म्हणाली, "व्हय, खरंच लिहिलं," आणि रिक्षात बसली. मला वाईट वाटलं, पण मी मागं हटले नाही. उलट तिच्या जाण्याचाही राग मी क्लार्कच्याच नावावर टाकला. ते किती बरोबर होतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

चौकशीला दोन अधिकारी आले. कॉलेजला आदल्या दिवशी खबर लागली होती. सकाळीच क्लार्कनं मुलींना वर्गात बसवून खोल्या रिकाम्या करवल्या होत्या. अधिकारी फिरले, रिकाम्या खोल्या पाहिल्या, खालची पोती पाहिली. क्लार्क मागं-मागं चालत म्हणत होता, "गोदामच हाय साहेब. पोरी मजाक करून राहिल्या."

मी पुढं झाले. सकाळी वर्गाच्या खिडकीतून मी जिन्यावरची ये-जा पाहिली होती. "सर, गच्चीवर चला."

"गच्चीचं कुलूप बिघडलंय," क्लार्क म्हणाला.

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग तोडा."

गच्चीवर मुलींच्या सगळ्या गाद्या एकावर एक रचलेल्या होत्या. ट्रंका, बादल्या, दोरीवर वाळत घातलेले गणवेश. एका ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं मुलीचं नाव, वर्ष आणि खोली नंबरही लिहिलेला. अधिकाऱ्यानं मोबाईल काढून फोटो घेतले. मी एकदाही क्लार्कच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी तो फाट्यावर आमच्या दुकानात आला. मी सुट्टीला आले होते. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. शेजारच्या हॉटेलच्या बाकड्यांवर पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत होते. वडिलांनी त्याला स्टूल दिलं.

"पोरीला समजवा भाऊ," तो म्हणाला. "वरचे समदं माझ्यावर ढकलून राहिले. मला बी लेकरं हायेत. तक्रार मागं घ्या म्हणावं."

वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, "जाऊ दे बाई. माणूस घरी आलाय."

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी खिडकीवर तुमी काय म्हणले व्हते, ते परत म्हणा. मग बघते."

त्याला आठवत होतं. तो खाली बघत पुटपुटला.

"मोठ्यानं म्हणा. तेव्हा रांगेला ऐकू गेलं व्हतं."

तो म्हणाला. पूर्ण वाक्य म्हणाला. ड्रायव्हरांचे कप हातात थांबले. मी म्हटलं, "आता जावा. तक्रार मागं घेणार न्हाई." तो उठला, पुडा तिथंच राहिला.

मला वाटलं होतं वडिलांना बरं वाटेल. त्यांनी मशीनवरचं रेक्झिन बाजूला सारलं आणि विचारलं, "ते मला परत काहून ऐकवलंस?" मग ते परत शिवायला बसले.

निकाल लागला. मंजूर फीपेक्षा जास्त घेतलेले सगळे पैसे मुलींना परत करायचा हुकूम झाला आणि ते हप्त्याहप्त्यानं मिळाले. भत्त्यातला फरक मात्र मिळाला नाही, कारण त्या वर्षांचे अर्ज बंद झाले होते. वडिलांनी ट्रकमालकाच्या तिन्ही गाड्या पुऱ्या केल्या. क्लार्कला नोकरीवरून काढलं. नव्या मुलींचे अर्ज शेवटी मंजूर झाले, पण कळमनुरीची ती परत आली नाही. तिनं पुढच्या वर्षी नर्सिंगला प्रवेश घेतला. मी केलेल्या फोनला तिनं एकदाच उत्तर दिलं, नीट बोलली, आणि पुढचे फोन उचलले नाहीत.

चेअरमनला काही झालं नाही. त्याच इमारतीवर आता मुलींच्या वसतिगृहाचा मोठा बोर्ड आहे, नोंदणी क्रमांकासह. मी एका सरकारी दवाखान्यात औषधं देते. तिथले साहेब मला म्हणाले, आता नोकरी लागली, कशाला जुनं उकरतेस. पण ज्यानं गोदामात मुली ठेवल्या आणि त्याचे पैसे खाल्ले, तो सत्काराच्या शाली घेत फिरतो आणि एका बोटानं टाईप करणारा माणूस घरी बसतो, हे मला पटत नाही. क्लार्कची मला दया येत नाही, पण तो पुरेसा नाही. गेल्या वर्षी मी चेअरमनविरुद्ध वेगळा तक्रार अर्ज केला आहे. दर महिन्याला रजा टाकून हिंगोलीला जाते आणि तो कुठल्या टेबलावर आहे ते विचारून येते.