बोळवण

द्वारकाबाईंच्या बापानं उभ्या जन्मात एक तीर्थ केलं नाही, पण पोरांची नावं मात्र धामांवरून ठेवली. थोरला बद्रीनाथ, धाकटी द्वारका. एक पार उत्तरेला, एक पार पश्चिमेला. अशी नावं ठेवल्यावर भाऊबहीण जवळ राहतील का, तुम्हीच सांगा! बद्रीनाथ सोयगावात शेतीवर राहिला आणि द्वारकाबाई आल्या इथं सिडकोत. मधे अंतर एका एसटीचं. तेवढं कापायला दोघांना अख्खा संसार पुरला नाही.

कारण उघड होतं. वाळूजच्या कारखान्यातल्या कडुबाशी द्वारकेनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, आणि कडुबा जातीबाहेरचा. बाप म्हणाला, "मला लेक नाय." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पिशवी घेऊन एकटी सोयगावच्या स्टँडवर आली, तर समोर चहाच्या टपरीपाशी दादा उभा. तिला वाटलं, हा तरी जवळ येईल, डोक्यावर हात ठेवील. त्यानं बघितलं आणि पाठ फिरवली.

पुढं बाप गेला, आई गेली. दोन्ही खेपेला निरोप आला तो सगळं आटोपल्यावर. कडुबानं आपल्याला काही कमी पडू दिलं नाही, हे द्वारकाबाई स्वतःच चार जणींना सांगतात. पण दिवाळीत शेजारणी माहेरी निघाल्या की या घरात भांड्यांची आदळआपट सुरू होते. कडुबा तेवढे दिवस गुमान बसून राहतो. शहाणा माणूस.

मग सायली आली. बद्रीनाथची नात, इथं कॉलेजला. घरी न सांगता ती आत्याआजीकडं जेवायला यायला लागली, आणि एक दिवस तिनं द्वारकाबाईंच्या मोबाइलमध्ये अक्षरं जुळवायचा खेळ घालून दिला. पट, अक्षरांच्या सोंगट्या, प्रत्येक अक्षराचे वेगळे गुण. समोरचा गडी म्हणून तिनं जोडला कोणाला? आपल्या आजोबाला! पोरगी मोठी वस्ताद.

पहिले काही दिवस द्वारकाबाईंनी फोनला हात लावला नाही. मग लावला. मग सुटेचना. फोनवर बोलणं नाही, ख्यालीखुशाली नाही, फक्त शब्द. त्यानं 'पऱ्हाटी' टाकलं की तिला कळायचं, कापूस वेचणीला आलाय. त्यानं 'खोकला' टाकलं तेव्हा तिनं दुसऱ्या दिवशी सायलीला खोदून खोदून विचारलं, आजोबा बरे आहेत ना म्हणून.

तसा हा खेळ दोघांना नवा नव्हता. लहानपणी कापूस वेचताना ते शब्दाला शब्द लावायचे. एकानं शब्द टाकायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं. द्वारका हटकून 'बाभळ' म्हणायची, नाहीतर 'वेसण'. ळ आणि ण वरून मराठीत शब्दच सुरू होत नाही, त्यामुळं दादा चरफडत बसायचा. आणि एक नियम होता. समोरच्यानं "अर्थ?" असं विचारलं की सांगायचा. नाही सांगता आला तर पाठीत धपाटा. फोनच्या खेळातही ळ आणि ण यांनाच सगळ्यांत जास्त गुण. द्वारकाबाई तेवढ्यावर खूश होत्या.

परवा त्यांच्या हाती ही दोन्ही अक्षरं एकदम आली. शेजारी बो आणि व. पटावर तिप्पट गुणांचं घर मोकळं. असा डाव वर्षातून एखादा पडतो! बाईंनी बोट फिरवलं आणि शब्द लागला. बोळवण. त्या दादाच्या कितीतरी पुढं निघून गेल्या.

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पलीकडून शब्दाऐवजी प्रश्न आला. "अर्थ?"

द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघा हो बघा, मला विचारतोय! पाठ कोणी फिरवली होती? मला!"

"सांगून टाक," कडुबा म्हणाला.

"माझं खेटर सांगतंय!"

सायलीनं मोबाइलवर शोधून माहिती पुरवली. लई जुना शब्द आहे आजी, प्राकृतातून आलाय, मूळ अर्थ पोचवणं, वाटेला लावणं. द्वारकाबाईंनी तिच्या ताटात भाकर वाढली आणि म्हणाल्या, "मूळ राहू दे. जेव."

बरेच दिवस फोन तसाच पडून राहिला. अर्थ कळल्याशिवाय दादा पुढची चाल देईना, आणि चाल दिली नाही तर तो खेळ आपोआप मोडतो, तशी सूचनाही येऊन गेली. कडुबानं ती वाचली आणि फोन बायकोच्या मांडीवर आणून ठेवला. "हे तुटलं तर मग काय उरतंय गं तुझ्याकडं सोयगावचं?" एवढंच बोलला.

ते लागलं. कोथिंबीर निवडता निवडता बाईंनी हात पुसले आणि फोनमध्येच बोलल्या, थांबत थांबत. "दादा, लेक सासरी निघाली की आई तिची वटी भरती. लुगडं देती, धपाट्यांची शिदोरी देती. बाप दारातनं हलत नाय. भाऊ पिशवी घेऊन गाडीपर्यंत जातो, आन् गाडी दिसंनाशी होईस्तोवर तिथंच थांबतो. त्याला बोळवण म्हणत्यात. मला ठावं हाय, कारण दुसऱ्यांच्या लई बघितल्या."

सायंकाळी उत्तर आलं. तेही बोललेलं. आवाज इतका म्हातारा, की द्वारकाबाईंना क्षणभर बापच बोलतोय असं वाटलं.

"द्वारके, अर्थ बराबर हाय. मला ठावं व्हता. तुझ्या तोंडून ऐकायचा व्हता, म्हंजी मला लाज वाटंल." मग खोकला. "पर बोळवण करायची तर लेक आधी घरी यावी लागती. ये. पाव्हण्यांना बी घेऊन ये. म्या टपरीपशी हुभा राहतो. तोंड रस्त्याकडं करून."

द्वारकाबाईंनी ते पुन्हा लावलं, कडुबाला ऐकू जावं म्हणून. मग पदर तोंडाला लावून अशा रडल्या, की खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली.

खेळ त्याच रात्री मोडला. कोणाच्या लक्षात आलं नाही. माळ्यावरून पिशवी काढायला कडुबा स्टुलावर चढला होता, आणि बाई खालून स्टूल धरून त्याच्यावरच खेकसत होत्या, "अहो, लवकर काढा, म्हातारा केव्हाचा उभा असेल तिथं!"